चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

मध्यंतरी मंचरला मामांकडे गेलो होतो. मामा चहासुद्धा विचारायच्या मूडमध्ये नव्हते. लॅपटॉप सुरू केला की निळा पडदा, आणि त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की हवी म्हणून हट्ट! कांदा-बटाट्याचा तीन वर्षांचा हिशेब आत. आदल्या रात्री मामेभावाने बायोस अपडेट केलं होतं, त्यामुळे घरात गुन्हेगार तोच.

दुकानदार म्हणाला, "तरी मी सांगत होतो, चालतंय त्याला हात लावू नका."

या वाक्याचाच मला राग आहे.

मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो. तो म्हणजे फर्मवेअर. सिक्युअर बूट असेल तर तो पुढच्या प्रोग्रॅमची सही तपासूनच त्याला आत घेतो. टीपीएम या सगळ्याची नोंद ठेवतं. फर्मवेअर बदललं की नोंद बदलते, बिटलॉकरला चोराचा संशय येतो आणि तो किल्ली मागतो. म्हणजे मशीन बरोबरच वागलं होतं! अपडेटआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवायला हवा होता, ही पोराची चूक. पण किल्ली कुठे होती? मशीन विकताना याच दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेल्या खात्यात!! दोन दिवसांनी सापडली.

आणि हात न लावून काय होतं? २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने कित्येकांचं बायोसच पुसलं. २०२३ मध्ये ब्लॅकलोटसने जुन्या, सही असलेल्याच बूट फाइलमधल्या भोकातून सिक्युअर बूट चुकवला. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदतही जून २०२६ पासून संपणारी. मशीन त्यानंतरही सुरू होतं, पण नवी प्रमाणपत्रं नसतील तर बूटच्या पुढच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. काही मशीनना त्यासाठी आधी कंपनीचं फर्मवेअर लागतं. यावर आमच्याकडचा रामबाण उपाय काय, तर सिक्युअर बूट बंद करून टाका!

एक भीती मात्र खरी. जुन्नर-आंबेगावात वीज कधी जाईल नेम नाही, आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर मशीनची वीट होऊ शकते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर थांबा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, वर चार्जरही लावून ठेवा.

विंडोज आणि आर एकदम दाबून एमएसइन्फो३२ टाइप केलं की बायोसची आवृत्ती, तारीख आणि सिक्युअर बूट चालू की बंद, सगळं दिसतं. मामांचा चालू आहे. किल्ली आता हिशेबाच्या वहीत, मामींच्या अक्षरात. खातंही मामांच्या नावावर करून घेतलं. मामेभावाशी मामा अजून नीट बोलत नाहीत.