पेटीत ठेवणार काय?

माझी मावशी पांढुर्ण्याला दिलेली. सुटीत तिकडे एक फेरी असतेच. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच आहे. दुकानावर हिंदी पाटी, घरात मराठी. आपल्या माणसाला ते काही नवं नाही. सुताराला आपल्याकडे कन्नडमध्ये बडिगेर म्हणतात, तिकडे वाढई.

आमचं घराणं सुतारांचं, मावशीचं सासरही. काकांचा कारखाना म्हणजे घरापुढचा पत्र्याचा मांडव. पोळा जवळ आला होता, म्हणून तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रांगेत उभे होते. मी मात्र गेलो होतो ती त्यांच्या वडिलांनी केलेली सागवानी हत्यारपेटी पाहायला.

झाकण उघडलं की वर उथळ तबक. त्यात पटाश्या, गुण्या, गिरमिट. तबक उचललं की खाली रंधे आणि करवत. कोपऱ्यांना एकही खिळा नाही. कबुतराच्या शेपटीसारखे दाते कापून फळ्या एकमेकींत अडकवलेल्या. काका म्हणाले, पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खिळा गंजून सैल होतो, सांधा मात्र लाकडाबरोबर हलतो.

अमेरिकेत डेटन गावी हॅरी गर्स्टनर नावाच्या तरुण कारागिरानेही आधी स्वतःच्या हत्यारांसाठी पेटी केली. १९०६मध्ये त्याचा कारखाना झाला, आणि पुढच्या पिढ्यांनी तो चालवला. ओक लाकडाच्या, खणाखणांच्या त्या पेट्या यंत्रकारागीर आयुष्यभर वापरत. कारागीर कुठलाही असो, त्याची पेटी पाहिली की त्याचा हात कळतो.

मी म्हणालो, "काका, मला अशीच एक करून द्या."

काका हसले. "पेटी बनवून देतो रे, पण तिच्यात ठेवशीन काय?"

मला उत्तर देता आलं नाही. वडील गेले, जुनं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा त्यांची फणसाची पेटी हत्यारांसकट मीच भंगारवाल्याला दिली होती. किलोच्या भावाने. प्राध्यापकाला रंधा कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

काकांचा मुलगा आता मशीनवर प्लायवूड कापतो. त्या सागवानी तबकात पटाश्यांशेजारी त्याच्या ड्रिलचा चार्जर होता. मला ते खटकलं नाही. पेटी अजून कामावर होती.

गेल्या खंडेनवमीला मी मोटारसायकलला हार घातला. घरात पुजायला दुसरं हत्यारच नव्हतं. तुमच्याकडे खंडेनवमी म्हणत असतील किंवा आयुधपूजा, त्याआधी एकदा माळ्यावर चढून पाहा. वडिलांचं, आजोबांचं काही पडलेलं असेल तर पुसून, तेल लावून खाली आणा. भंगारवाला काय, दर आठवड्याला येतो.