शेडमधला लोखंडी कॅन

बल्लारपूर, आल्लापल्ली भागात ज्या घरांनी लाकडाच्या ठेक्यात, गॅरेजात किंवा जुन्या जीपवर पोट भरले, त्यांच्या शेडमध्ये वीस लिटरचा लोखंडी कॅन निघू शकतो. दादाजान गेल्यावर साफसफाई होते आणि तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. त्याआधी तो जरा पुसून पाहावा.

हा कॅन मूळचा जर्मन लष्कराचा, 1937 च्या सुमाराचा. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून 'जेरीकॅन'. आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे गळत आणि पेट्रोल वाया जाई. शेवटी त्यांनी शत्रूच्या कॅनची नक्कल केली. वर तीन मुठी असतात: भरलेला कॅन दोघांनी मिळून उचलता येतो, रिकामे दोन एका हातात नेता येतात. बाजूची फुलीसारखी खोलगट रेघ पत्र्याला बळकटी देते आणि उन्हात पेट्रोल फुगले तर जागाही देते.

ओळख अशी. जर्मन व इंग्रजी कॅनला दाबून बंद होणारे खटक्याचे झाकण असते, अमेरिकन पेट्रोल कॅनला फिरकीचे. झाकण रुंद आणि बिजागरीचे असेल तर तो अमेरिकन पाण्याचा कॅन. इंग्रजी कॅनवर डब्ल्यू आणि डी या अक्षरांमध्ये बाण असतो. नुसता बाण दिसला तर घाई करू नका. आपल्या लष्कराच्या गाड्यांच्या नंबरपाटीवरही बाण असतो. पत्र्यात ठोकलेले साल वाचा. 1939 ते 1945 मधले साल म्हणजे महायुद्धाचा काळ. साल अलीकडचे आणि खूण लष्कराची असेल, तर खरेदीचा कागद पाहिल्याशिवाय घेऊ नका.

गंज काढायला ग्राइंडर चालवू नका, ठोकलेली अक्षरे पुसली जातात. रिकाम्या कॅनला वेल्डिंग तर कधीच नको. आत उरलेल्या वाफेचा भडका उडतो. पेट्रोलच्या कॅनमध्ये पिण्याचे पाणीही भरू नये. आणि जंगलात अर्धवट पुरलेला डबा दिसला तर हात लावू नका. गडचिरोलीत पोलिसांनी अशी पुरलेली स्फोटके अनेकदा बाहेर काढली आहेत. लांब राहा, पोलिसांना कळवा.

आता विकण्याचे. छिद्राला पुट्टी भरून, वर हिरवा रंग मारून 'महायुद्धाचा माल' म्हणून खपवणारे असतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, हा त्यांचा सवाल होता. कॅनचे छिद्रही असेच दाखवून विकावे.

त्याहून नाजूक गोष्ट घरातली. मरहूम माणसाच्या शेडमधली वस्तू ज्याच्या हाती लागली त्याची होत नाही. कर्ज व वसियत भागल्यावर ती सगळ्या वारसांची, आणि वाटणीची चीज थोडकी असली तरी बहिणींचा हक्क बुडत नाही. लोखंडाच्या भावाने जाणाऱ्या कॅनला शौकीन चांगली किंमत देऊ शकतो. म्हणून विकण्याआधी लग्न होऊन वणी-वरोऱ्याला गेलेल्या बहिणीला एक फोन करा. ती म्हणेल, "भाईजान, तुम्हीच ठेवा," तर तो कॅन बिनघोर अंगणात ठेवा.