नदीला कोणते रीळ चालते?

मंडळी, उसाचे बिल जमा झाले की गावातली पोरे दोन गोष्टींकडे वळतात. एक मोबाईल, आणि अलीकडे दुसरे म्हणजे मासे धरायचे रीळ. संध्याकाळी कोणत्याही कोल्हापुरी बंधाऱ्यावर जाऊन बघा. जिथे बांबूची काठी, तंगूस आणि गांडुळाचा डबा एवढ्यावर भागत होते, तिथे आता चकचकीत रिळांची रांग लागलेली असते. याला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. गुत्त्यावर बसण्यापेक्षा बंधाऱ्यावर बसलेला पोरगा केव्हाही बरा. पण चार-पाच हजार घालून आणलेले रीळ दुसऱ्याच महिन्यात माळ्यावर पडते, तेव्हा वाईट वाटते. पैसा घामाचा असतो आणि चूक घेतानाच झालेली असते.

माझीही झाली. शहरातल्या एका दुकानदाराने मला आडव्या चाकाचे रीळ दाखवले. "साहेब, यात अकरा बेअरिंग आहेत," म्हणाला. अकरा बेअरिंग कशाला लागतात हे विचारायचे मला सुचले नाही. घरी आणून पहिलीच फेक केली, तर दोरी जाते त्यापेक्षा चाक जोरात फिरले आणि असा गुंता झाला की सुगरणीचे घरटे बरे! दोन तास तो सोडवत बसलो. तेवढ्यात शेजारचा आठवीतला पोरगा साध्या रिळावर दोन चिलापी काढून घरी गेला.

आडव्या चाकाचे रीळ वाईट नसते. पण ते अंगठ्याने आवरावे लागते, आणि तो अंगठा तयार व्हायला महिने लागतात. बंगालकडे रोहू-कटल्यासाठी चाकाचे 'हुईल' पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, पण त्यांचा हात बसलेला असतो. आपण नव्याने सुरुवात करणार असाल तर सरळ स्पिनिंग रीळ घ्या. त्याची चकरी फेकताना फिरत नाही, जागच्या जागी राहते. दोरी तिच्या कडेवरून सुटत जाते, म्हणून गुंता कमी. आकडा विचाराल तर नदीसाठी ३००० किंवा ४००० नंबरचे पुरे. रोहू, कटला, शिवडा यांना ते पेलते. १००० नंबरचे खेळणे झाले आणि ८००० चे समुद्राचे. दिवसभर हातात धरून मनगट दुखेल, मासा मात्र तेवढाच.

आता खरी गोष्ट. रिळाचा जीव बेअरिंगमध्ये नसतो, तो ड्रॅगमध्ये असतो. ड्रॅग म्हणजे ब्रेक. मासा जोरात ओढू लागला की दोरी तुटण्याआधी चकरी थोडी सैल सुटावी, ही त्यातली सोय. तळ्यात मासा ओढतो तो आपल्या बळावर. नदीत तो आडवा होऊन धारेत शिरतो आणि अख्खे पाणी त्याच्या बाजूने ओढू लागते. अशा वेळी अडकत-अडकत सुटणारा ड्रॅग असला की दोरी तुटलीच म्हणून समजा. म्हणून दुकानातच दोरी भरून हाताने ओढून बघा. झटके न देता, लोण्यातून सुरी जावी तशी सुटली तर घ्या. ड्रॅगची कळ चकरीच्या पुढे असलेले रीळ मला अधिक पसंत. त्यात चकत्या मोठ्या बसतात. मूठ हलवून बघा, खुळखुळ वाजली तर परत ठेवा. 'पाचास एक' असा गिअर असेल तर उत्तम. मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळणारी कमान पाच वेळा फिरते. त्याहून वेगवान घेतले तर जड मासा ओढताना जोर कमी पडतो.

ड्रॅग किती आवळायचा? दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. दोरी आठ किलोची असेल तर ताणकाट्याला बांधून ओढा, दोन-अडीच किलोला सुटली पाहिजे. पोरे काय करतात, मासा लागला की घाबरून कळ कचकचून आवळतात. मग "लय मोठा होता, तोडून गेला" ही गोष्ट वर्षभर पारावर चालते. ड्रॅग सुटत असताना मूठ फिरवत राहू नका, दोरीला पीळ बसतो.

दोरीबद्दल दुकानदार विणलेली बारीक दोरी गळ्यात मारेल. ती मजबूत असते हे खरे. पण आपल्या नद्यांचे तळ काळ्या दगडाचे, आणि धारदार दगडावर ताणून घासली की ती पटकन तुटते. तंगूस थोडा ताणला जातो, झटका सोसतो, स्वस्तही पडतो. खोक्यावर '०.३०/२००' असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस दोनशे मीटर मावतो. चकरी कडेपासून दोन मिलिमीटर कमी भरा. काठोकाठ भरलीत तर वेटोळी गळून पडतील, निम्मी ठेवलीत तर फेक जाणार नाही.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीसपाटील मंडळींनाही दोन शब्द. बंधाऱ्यावरच्या पोरांना हुसकावू नका. नदीवर डोळे ठेवून बसणारी फुकटची राखण आहे ती. हुसकावायचे तर जिलेटिनचे तोटे फेकणाऱ्यांना आणि मोटारीची तार पाण्यात सोडणाऱ्यांना हुसकावा. स्फोट करून वा विष घालून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले होते. सव्वाशे वर्षे उलटली तरी रात्रीचा 'धडाम' ऐकू येतोच. एका तोट्याने मोठ्या माशाबरोबर बोटाएवढी पिल्लेही मरतात. गळाला लागतो तो एक मासा, आणि तोही सोडता येतो.

सोडायचे म्हणजे सोडायचे. जून ते ऑगस्ट रोहू-कटला-मृगळ पुराच्या पाण्यात अंडी टाकतात, पोट फुगलेली मादी परत पाण्यात द्या. सह्याद्रीकडच्या नद्यांत महाशीर लागला तर तोही. १८३९ साली कर्नल साइक्सने दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्याची काय दशा आहे, वाचक जाणतात. तलावावर जाणार असाल तर ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून जा. तिथले मासे त्यांनी बीज सोडून वाढवलेले असतात, ते त्यांचे पीक आहे.

तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. बगळ्याच्या पायात, शेरडाच्या खुरात तो अडकतो आणि मांसात रुततो. ग्रामपंचायतीने घाटावर एक पत्र्याचा डबा ठेवला तर शे-दोनशेचा खर्च आहे.

आणि पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे निघाले की रीळही उतरवा. गोड्या पाण्याने वरून पुसून घ्या, बादलीत बुडवू नका, वाळू आत जाते. कमानीच्या रोलरला तेलाचा एक थेंब द्या आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळून ठेवलेल्या चकत्या चेपतात, मग दसऱ्यानंतर पहिल्याच माशाला दोरी तुटते आणि शिव्या मात्र दुकानदाराला बसतात.