शाळा सोडल्यावर दिवस कुठे जाईल?

आमच्या वर्ध्यात अकरावीचा मुलगा वर्षभर कॉलेजात फिरकला नाही तरी कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. नाव इथल्या कॉलेजात, मुलगा नागपूरच्या क्लासात. ‘नीट’ची तयारी म्हटलं की हजेरीचा प्रश्नच मिटतो. उलट आईबाप चारचौघांत अभिमानाने सांगतात. पण आठवीतली पोरगी पोट दुखतं म्हणून महिनाभर घरी राहू द्या. शेजारची काकू फाटकाशी उभी राहून विचारणारच, “काऊन, पोरगी शाळेत काऊन जात नाही?”

माझ्या ओळखीच्या एका घरात हे चालू आहे. सकाळी गणवेश चढला की मळमळ, रिक्षाचा हॉर्न ऐकला की रडू. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. रविवारी हीच मुलगी भावाशी कॅरम खेळते, म्हणून आजीच्या मते ही सगळी नाटकं. आईचा धीर सुटला. ती म्हणाली, “नाव काढून टाकतो, घरीच शिकवतो. होमस्कूलिंग करतात ना आता लोक?”

करतात. पुण्या-मुंबईत अशी कुटुंबं आहेत. मुंबईच्या मालविका जोशीला आईने सातवीत असताना शाळेतून काढलं, आणि दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय २०१६ मध्ये ती अमेरिकेच्या एमआयटीत पोचली. पण ती आवडीच्या विषयामागे धावता यावं म्हणून घरी राहिली होती. भीतीपायी घरी बसलेल्या मुलीचं गणित वेगळं असतं. शाळा चुकवली की भीती त्या दिवसापुरती उतरते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते. म्हणून मनाचे डॉक्टर शक्य तिथे थोडं थोडं परत पाठवायला सांगतात: आधी फाटकापर्यंत, मग एक तास, मग अर्धा दिवस.

आणि भीती कशाची, हे आधी कळायला नको? कोणी चिडवतं, एखादे सर वर्गात सगळ्यांदेखत पाणउतारा करतात, वाचताना अक्षरं जुळत नाहीत, अशी कारणं अनेक. आपल्या जिल्ह्यात आणखी एक आहे. बोंडअळीने कापूस खाल्लेला, सावकार दारात येऊन गेलेला, रात्री आईबाबांची कुजबुज कानावर पडलेली. आपण शाळेत गेलो आणि मागे बाबांनी काही बरंवाईट केलं तर, या धास्तीने काही लेकरं घर सोडत नाहीत. ती शाळा टाळत नसतात, घराची राखण करत असतात. अशा पोराला घरीच शिकवायचं म्हणजे त्याचा पहारा कायमचा करणं. तिथे आधी बापाला मदत हवी.

मग कधीच घरी ठेवू नये का? तसंही नाही. आजार बळावला असेल, जीव द्यायच्या गोष्टी तोंडी येत असतील, शाळा छळ थांबवत नसेल, तर काही महिने शाळा थांबलीच पाहिजे. कायदाही फार आडवा येत नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास पालकांना दंड सांगत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तर गंभीर किंवा बहुविध दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा हक्कच दिला. पुढे राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, केंद्राचं एनआयओएस आहे, दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. कागदाची वाट निघते.

अडतं ते दिवसापाशी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हे लेकरू कोणाबरोबर असेल, काय करेल? बाप कामावर, म्हणजे शिक्षिका आईच. तिची नोकरी जाते, नाहीतर स्वयंपाक करता करता अपूर्णांक शिकवावे लागतात. दुपारनंतर उरतो तो मोबाईल आणि बंद खोली.

घरी शिकवायला वेळ पुरत नाही, हा धडा आपल्या मातीत जुना आहे. गांधीजींनी आपल्या मुलांना दक्षिण आफ्रिकेत शाळेत न घालता स्वतः शिकवायचं ठरवलं. पुरेसा वेळ देता आला नाही आणि मुलांच्या मनात ती खंत राहिली, हे त्यांनीच आत्मकथेत लिहिलं आहे. थोरल्या हरिलालची नाराजी तर जगजाहीर झाली. तेच गांधीजी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम मांडतात, तेव्हा मुलांना घरी ठेवा म्हणत नाहीत. सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम यांनी उभी केलेली शाळा सूतकताई, शेत, सफाई आणि सामूहिक स्वयंपाकघरातून चालली. त्याच शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग आजही तिच्याबद्दल भरभरून बोलतात. ती बंद पडली, पण २००५ पासून सेवाग्रामात ‘आनंद निकेतन’ त्या विचाराने चालते आहे. पुस्तकी वर्गाला इथे शोधलेला पर्याय म्हणजे दहा जणांत मिसळून हाताने केलेलं काम. चार भिंतींचं घर हा पर्याय इथे कधी नव्हताच.

म्हणून त्या आईला मी म्हटलं, नाव काढू नका. आधी सेवाग्राम नाहीतर सावंगीच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. जायला संकोच वाटला तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. डॉक्टर म्हणाले तर सुटी घ्या, पण त्या सुटीला वेळापत्रक द्या: सकाळी कोणाच्या तरी नर्सरीत रोपं लावणं, आठवड्यातून दोनदा वाचनालय, संध्याकाळी एक मैत्रीण. आणि परत कधी पाहायचं ती तारीख डॉक्टरांकडून घ्या.

एवढं आईला सांगून भागत नाही, शाळेलाही सांगावं लागतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठच्या तुकडीत चार मुलं झाली ही. त्या चारांना अर्धा दिवस बसू देणं, घाबरल्यावर जाऊन बसायला एखादी खोली, परीक्षेची तारीख पुढे ढकलणं, यांतल्या कशालाही इमारत निधी लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर सोमवारपासून होईल. ते होत नाही तोवर शाळा सोडण्याला ‘पालकांची निवड’ म्हणू नये, तो शाळेने काढलेला पळ आहे.