सत्तरीनंतर कोणते कार्ड?

चंडीगडमध्ये निवृत्त केंद्रीय कर्मचारी आणि माजी सैनिक मोठ्या संख्येने राहतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत आहेत. ही मर्यादा पती-पत्नी दोघांत मिळून आहे. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळते, तो बंद करू नये. पण सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असलेल्यांना एकच योजना निवडावी लागते. त्यांनी घाई करू नये. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासण्या त्यांना जुन्या योजनेतून मिळतात. आयुष्मान कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. प्रशासनाने पीजीआय रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी हा फरक समजावणारा माणूस बसवावा.