रोबोट आहे का, हा दुसरा प्रश्न

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालं की हल्ली नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "रोबोट कुठं आहे?" कोल्हापूरच्या कळंब्यातून फायली घेऊन पुण्या-मुंबईच्या गाडीत बसणारी मंडळीही हेच विचारतात. गाठ मूत्रपिंडाच्या शिरेतून सरकत पोटातल्या मोठ्या शिरेत, डॉक्टर जिला आयव्हीसी म्हणतात तिच्यात, शिरली असेल तर या प्रश्नाची घाई आणखी वाढते. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. आधी विचारायचं ते हे : गाठ शिरेत किती वर चढली आहे, आणि ऑपरेशन करणाऱ्यांनी अशा किती केसेस केल्या आहेत?

आयव्हीसी पायांकडचं आणि पोटातलं रक्त हृदयाकडं नेते. तिच्यात शिरलेली गाठ वेलीच्या शेंड्यासारखी वर वाढत जाते. कधी यकृताच्या खालीच थांबते, कधी यकृतामागून थेट हृदयाच्या कप्प्यात पोचते. ती शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसेल, तर अख्खी ओढून काढता येते. त्यासाठी शीर वर-खाली आणि दुसऱ्या मूत्रपिंडाच्या बाजूनं पट्ट्यांनी आवळून रक्त थांबवायचं, चीर द्यायची, शेंडा बाहेर काढायचा आणि शीर शिवून टाकायची. या दरम्यान एखादा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. म्हणून ताजा एमआरआय, भरपूर रक्ताची सोय आणि पोटाच्या व रक्तवाहिन्यांच्या सर्जनांची एकत्र तयारी लागते. गाठ हृदयापर्यंत गेली असेल तर हृदयशल्यविशारद आणि बायपास यंत्रही हवं, आणि तिथं बहुधा पोट-छाती उघडूनच काम करावं लागतं.

रोबोटनं या कामात खरी भर घातली आहे. अमेरिकेतल्या रॉनी अबाझा यांनी २०११ मध्ये अशा रोबोटिक ऑपरेशनांचा पहिला अनुभव मांडला. पुढं २०१५ मध्ये पतियाळाच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले इंदरबीर गिल यांनी यकृतामागं चढलेल्या गाठीही रोबोटनं काढल्याचं लिहिलं. छोट्या छिद्रांमुळं रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर घरी जातो. पण हे निष्कर्ष अनुभवी केंद्रांतल्या निवडक रुग्णांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. डाव्या बाजूच्या गाठीला रुग्णाची कूस बदलावी लागते, म्हणून ते काम आणखी अवघड. यंत्र नवं आणि हात कच्चे, अशा ठिकाणी मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

मूळ दुखणं मात्र ऑपरेशनच्या कितीतरी आधीचं आहे. लघवीतून न दुखता रक्त गेलं की आपल्याकडं "उन्हाळी लागली", "मुतखडा असेल" म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. रक्त आपोआप थांबतं आणि विषय मिटतो. गाठ मात्र वाढत राहते. पुरुषाच्या वृषणाभोवतीच्या शिरा अचानक फुगल्या, आडवं झाल्यावरही उतरल्या नाहीत, किंवा दोन्ही पाय सुजले, तर शीर तुंबल्याची ती खूण असू शकते. साध्या सोनोग्राफीत बहुतेक गाठी दिसतात, आणि ती तपासणी कोल्हापुरात होते.

निदान उशिरा झालं तरी आशा सोडू नये. शिरेत गेलेली पण शरीरात इतरत्र न पसरलेली गाठ पूर्ण काढली, तर साधारण निम्मे रुग्ण पाच वर्षांनंतरही जगतात. पैशांचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रोबोटचा वाढीव खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. केवळ रोबोटसाठी शेत विकायला काढू नका, आणि रोबोटची तारीख मिळेना म्हणून आठवडे दवडू नका. गाठ चढत असते. अनुभवी सर्जन पोट उघडून ऑपरेशन करायला तयार असेल, तर ते करून घ्या.