दवाखान्यालाही पाय हवेत

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झाले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय त्याच आवारातले. तेव्हा मुंबईत ट्राम घोडे ओढत आणि माल बैल. राबणारी जनावरे शहरात होती, म्हणून त्यांचा दवाखाना शहरात उभा राहिला. एवढा साधा हिशेब होता. पुढे घोडे गेले, बैल गेले, आता परळला कुत्र्या-मांजरांची गर्दी असते. त्यालाही कोणाची हरकत नसावी. मात्र जिथे जनावर तिथे डॉक्टर, हा हिशेब धनगरांच्या मेंढरांपर्यंत कधी पोहोचलाच नाही.

2019च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे 27 लाख मेंढ्या आहेत. त्यातले कितीतरी कळप वर्षातले सात-आठ महिने वाटेवर असतात. दिवाळी झाली की पारनेरच्या ढवळपुरीसारख्या गावांतून बिऱ्हाड घोड्यांवर लादून धनगर घाट उतरतात आणि कोकणातल्या भात कापलेल्या शिवारात मेंढरे बसवतात. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य देतो, नाहीतर रोख. मृग लागायच्या आत परतायचे, कारण कोकणचा पाऊस आणि चिखल मेंढीच्या खुरांना सोसत नाही. चार दिवस या गावात, चार दिवस त्या गावात. आपला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मात्र एका गावात बसलेला. त्याची हद्द ठरलेली आणि लसीचा साठाही त्या हद्दीतली जनावरे मोजून मागवलेला. आंत्रविषारात संध्याकाळी उड्या मारणारे कोकरू सकाळी मेलेले सापडते. परक्या तालुक्यात डॉक्टर शोधेपर्यंत वाड्यावर, म्हणजे कळपाच्या मुक्कामावर, आणखी चार गेलेली असतात. मग धनगर औषधाच्या दुकानातून बाटली आणतो आणि अंदाजाने सुई टोचतो.

योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. मेंढी व शेळी विकासाचे महामंडळ 1978 पासून पुण्यात आहे. 2017 साली आलेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि एक नर 75 टक्के अनुदानावर मिळतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी 24 हजार रुपये चराई अनुदानही जाहीर झाले. अडचण अशी की अर्ज ऑनलाइन, दाखले गावच्या तहसिलीतले आणि मुदत सुरू होते तेव्हा अर्जदार पेणच्या पुढे कुठल्यातरी शेतात. शिवाय मेंढी विकत घ्यायला पैसे द्यायचे आणि ती जगवण्याची व्यवस्था करायची नाही, हा उफराटा कारभार झाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि तो धनगरांच्या कळपांपर्यंत नेला. पण जुळ्यांना लसही दोन लागतात आणि काळजीही दुप्पट.

करायचे काय, हे अवघड नाही. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची एक लस सुमारे तीन वर्षे पुरते. आंत्रविषाराची दरवर्षी, पावसाआधी द्यावी लागते. कळप उतरतात ते घाट आणि परततात त्या वाटा पशुसंवर्धन खात्याला ठाऊक आहेत. दिवाळीनंतर आणि मृगाआधी तिथेच लसीकरणाच्या राहुट्या ठोकाव्यात. कानातल्या बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतोच. तो पाहून कोणत्याही तालुक्यातल्या डॉक्टरने ‘तुम्ही कुठले?’ न विचारता उपचार करावेत आणि नोंद त्याच क्रमांकावर चढवावी. 1962 वर फोन केला की फिरते पथक येते, ही सोय चांगली आहे; त्या गाड्यांच्या फेऱ्या कळपांच्या वाटा पाहून आखल्या म्हणजे झाले.

राहिला पैसा. न्यूझीलंडमध्ये कापल्या जाणाऱ्या प्रत्येक मेंढीमागे आणि गुरामागे ठरावीक रक्कम कापून घेतात आणि त्यातून पशुपालकांसाठीच संशोधन आणि सल्ल्याची यंत्रणा चालते. तिथे ही रक्कम शेतकऱ्याच्या पदरची जाते. आपण ती खाणाऱ्याकडून घ्यावी. देवनारचा कत्तलखाना 1971 पासून महापालिकेचा आहे आणि तिथे जनावरामागे शुल्क आकारले जातेच. तिथली बरीच जनावरे परराज्यांतली असतात हे खरे, पण रविवारी लालबाग-गिरगावात मटणाच्या दुकानापुढे रांग लावणारा मुंबईकर बोकडाचे गाव विचारत नाही. प्रत्येक शेळी-मेंढीमागे थोडे रुपये वाढवून ते फिरत्या कळपांच्या औषधपाण्यासाठी राखून ठेवले, तर किलोमागे ग्राहकाला कळणारही नाही. परळच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप सक्तीची असते. त्यातला एक महिना त्यांनी वाड्यावर काढावा. कळपातली लंगडणारी मेंढी लांबून ओळखायला धनगराइतका चांगला गुरू त्यांना वर्गात मिळणार नाही.

सरकारी अर्जात ‘कायमचा पत्ता’ हा रकाना चुकत नाही. त्याखाली ‘दिवाळी ते मृग मुक्काम कुठे’ असा आणखी एक छापायला फारसा खर्च येणार नाही.